कळ दाबली, पण कळलं का?

मंडळी, ‘कळ’ या दोन अक्षरांत मराठीनं किती काय भरून ठेवलंय पाहा. पोटात येते ती कळ, सोसायची ती कळ, नारद लावतो ती कळ आणि यंत्राची दाबायची तीही कळच. शिवाय ‘कळणं’ आहेच. मी वर्गात हा शब्द फळ्यावर लिहून मुलांना वाक्यं करायला सांगायची. दरवर्षी एखादा तरी पठ्ठ्या ‘बाईंनी छडी मारली, कळ आली आणि मग धडा कळला’ असं लिहायचाच. मार्क द्यावेच लागायचे!

आज लिहायचंय ते यंत्राच्या कळेबद्दल, रोजच्या बोलण्यात आपण जिला सरळ ‘बटण’ म्हणतो तिच्याबद्दल. विषय जरा रुक्ष वाटेल. पण गेले काही महिने त्यानं मला धरून ठेवलंय आणि त्यामागे एक घरगुती कारण आहे. ते मधे येईलच.

आमचा नातू पुण्याच्या एका कंपनीचं काम नागपुरात घरी बसून करतो. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत कूलरची घरघर आणि याच्यासमोर कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी. चित्र नाही, माउसचं काम नाही, नुसती अक्षरं. तो काहीतरी टाइप करतो आणि ओळी खालून वर सरकत जातात. ‘काय करून राहिला रे?’ म्हणून विचारलं, तर म्हणाला, ‘आजी, हे टर्मिनल आहे. म्हणजे खरं टर्मिनल नाही, टर्मिनलचं सोंग आहे.’

सोंग म्हटल्यावर मी खुर्ची जवळ ओढली.

त्यानं सांगितलं ते असं. पूर्वी कॉम्प्युटर एकच मोठा असायचा आणि त्याला तारांनी पुष्कळ टर्मिनलं जोडलेली असायची. टर्मिनल म्हणजे एक कीबोर्ड आणि एक पडदा. हिशेब सगळा दुसरीकडे. रेल्वेचं कॉम्प्युटरवरचं आरक्षण १९८५ साली दिल्लीत सुरू झालं आणि मग हळूहळू गावोगाव पोचलं. तेव्हा खिडकीपलीकडच्या बाबूसमोर असायचं ते हेच यंत्र. आपल्याला वाटायचं बाबूच्या डब्यात सगळ्या गाड्या भरलेल्या आहेत. डबा बिचारा निरोप्या होता. या जातीतलं फार गाजलेलं टर्मिनल म्हणजे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीचं १९७८ सालचं व्हीटी-१००. ते यंत्र केव्हाच भंगारात गेलं. ती कंपनीही १९९८ साली दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली. पण त्या टर्मिनलाला समजेल अशा भाषेत बोलणारे प्रोग्राम जगभर इतके पसरले होते, की नव्या कॉम्प्युटरवर त्याचं सोंग घेणारे प्रोग्राम लिहावे लागले. त्यांना टर्मिनल एम्युलेटर म्हणतात. आपल्याकडे दारात पोलीस बनून बहुरूपी यायचा ना, तसलाच प्रकार. पलीकडच्या कॉम्प्युटरला वाटतं, जुनं टर्मिनलच बोलतंय.

आता बटणाकडे येऊ.

बटण दाबलं की अक्षर उमटतं, अशी आपली साधी समजूत. टाइपरायटरमध्ये तसं खरंच होतं. आमच्या घरी हे सरकारी कचेरीत होते. महालातल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन मराठी तीस शब्दांची परीक्षा पास झालेले. बोट पडलं की लोखंडी काडी उडायची, फितीवर आपटायची आणि कागदावर अक्षर. बोटाचा जोर अक्षरात दिसायचा. हे रागात असले की पूर्णविराम कागदाला भोक पाडायचा!

टर्मिनलमध्ये बटण अक्षर काढत नाही. ते एक आकडा पाठवतं. इंग्रजी कॅपिटल ए दाबला की ६५ जातो, लहान ए दाबला की ९७. हा आकड्यांचा तक्ता १९६३ साली अमेरिकेत ठरला, त्याला आस्की म्हणतात. तक्ता झाला तो टेलिप्रिंटरच्या काळात. म्हणून त्यात अक्षरांच्या आधी बत्तीस जागा नुसत्या हुकमांना राखून ठेवलेल्या आहेत, शून्यापासून ३१ पर्यंत. आणि हे हुकूम द्यायचं बटण म्हणजे कंट्रोल. त्याचा हिशेब आपल्या चौथीतल्या मुलालाही जमेल. कंट्रोल धरून सी दाबला तर ३ जातो, कारण सी तिसरं अक्षर. नातवाचा एखादा प्रोग्राम हट्टाला पेटला की तो हेच दाबून त्याला थांबवतो. जी सातवं अक्षर आणि ७ म्हणजे घंटा. टेलिप्रिंटरमध्ये खरोखरची घंटा वाजायची, आता नुसतं टुंग होतं. एस एकोणिसावं, १९ म्हणजे ‘थांब’. क्यू सतरावं, १७ म्हणजे ‘चालू दे’. अजूनही कुणाचं बोट चुकून कंट्रोल आणि एसवर पडलं की पडदा गोठतो आणि माणूस कॉम्प्युटर बिघडला म्हणून घाबरतो. बिघडलेलं काही नसतं. तो बिचारा ‘चालू दे’ची वाट पाहत असतो.

एम तेरावं अक्षर आणि एंटरचं बटणही १३ च पाठवतं. तेव्हा कंट्रोल धरून एम दाबलं काय आणि एंटर दाबलं काय, पलीकडच्याला फरक कळायला मार्ग नाही. टॅबचं आणि आयचं तसंच, दोघांचा आकडा ९. शिफ्ट किंवा कंट्रोल एकटंच दाबलं तर काहीच जात नाही. बोट कधी उचललं, तेही पलीकडे कळत नाही. बटण जोरात दाबलं की भीत भीत, कुणी दाबलं, काही नाही. जातो तो फक्त आकडा.

इथे मी नातवाला थांबवलं. म्हटलं, हे पुन्हा सांग.

आता ते घरगुती कारण. तीन वर्षांपूर्वी माझा उजवा हात कापायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितलं. जवळच्यांना माहीत आहेच, ब्लॉगवरच्या मित्रमंडळींना आज सांगते आहे. या आजारात नुसता हात कापतो असं नाही, अक्षरही बारीक होत जातं. माझी ओळ सुरू होताना मुगाएवढी असते आणि संपताना खसखशीएवढी. छत्तीस वर्षं मी फळ्यावर लिहिलं. दुसऱ्या वर्गातल्या बाई त्यांच्या वर्गातला सुविचार माझ्याकडून लिहून न्यायच्या. माझ्याजवळ दागिना म्हणावा असा तो एकच होता.

गेल्या वर्षी एका बँकेतून माझा चेक परत आला. सही जुळत नव्हती. मी स्वतः गेले, काउंटरवर पुन्हा पुन्हा सही करून दाखवली. चौथ्या सहीला तिथल्या मुलीनं हळूच शाईचा पॅड पुढे सरकवला. ती अगदी नम्रपणे बोलली हो, तिचा काही दोष नाही. पण १९९० नंतरच्या साक्षरता अभियानात मी संध्याकाळी वस्तीत जाऊन बायकांना सही शिकवत असे. अंगठा पुसायचा आणि सही करायची, एवढं एकच तेव्हाचं ध्येय. एक आजी महिनाभर ‘ग’ गिरवून शेवटी रेशनच्या दुकानात सही करून आल्या आणि मला पेढा देऊन गेल्या. त्या काउंटरवर मला त्यांचा चेहरा आठवला. मी अंगठा दिला. पेन्शन तर हवीच होती.

म्हणून बटणाची ही गोष्ट मला एवढी लागली. माझं बोट थरथरत ‘क’वर पडलं तरी आकडा जातो तो धडधाकट माणसाचा जातो तोच. युनिकोडच्या तक्त्यात ‘क’ म्हणजे २३२५. त्यात थरथर मावायला जागाच नाही. अक्षर माझा हात काढत नाही, ते पलीकडे निघतं. हात कापला तरी ‘क’ कापत नाही.

थरथरीमुळे मला सगळ्यात जास्त लागतं ते बॅकस्पेस. म्हणून नातवाला विचारलं, ‘बॅकस्पेस कोणता आकडा पाठवतं रे?’ तो हसायलाच लागला. म्हणाला, ‘आजी, तू नेमकं भांडणाचं बटण पकडलंस.’

भांडण असं. तक्त्यात ८ हा आकडा म्हणजे ‘एक घर मागे जा’. फक्त मागे जा, पुसू नको. टाइपरायटरवर हे मागे जाऊन चुकीच्या अक्षरावर फुली मारायचे, तसं. पुसण्यासाठी वेगळा आकडा आहे, १२७. त्यामागे मोठी मजा आहे. टेलिप्रिंटरचा मजकूर कागदी पट्टीवर भोकं पाडून साठवायचे, अक्षराला सात भोकांच्या जागा. पाडलेलं भोक काही बुजवता येत नाही. मग चुकीचं अक्षर घालवायचं कसं? तर त्या जागची सातही भोकं पाडून टाकायची. सात भोकं म्हणजे १२७, आणि वाचणाऱ्या यंत्रानं असं घर दिसलं की ते सोडून पुढे जायचं.

मग काही कंपन्यांच्या टर्मिनलांचं मागे जायचं बटण ८ पाठवायचं, काहींचं १२७. ते भांडण अजून मिटलेलं नाही. लिनक्सवाल्यांकडे आज बहुधा १२७ चालतो. पण आपला बहुरूपी एक आकडा पाठवतो आणि पलीकडचा दुसऱ्याची वाट पाहतो असं झालं, की अक्षर पुसलं जायच्या ऐवजी पडद्यावर एक टोपीसारखं चिन्ह आणि त्यापुढे एच उमटतो. एच का? आठवं अक्षर ना! पुट्टी नावाचा एक एम्युलेटर आहे, त्याच्या सेटिंगमध्ये ‘बॅकस्पेसनं काय पाठवायचं’ हा प्रश्न आजही विचारलेला आहे. मी डोळ्यांनी पाहिला.

बाणांच्या बटणांची कथा आणखी पुढची. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे यांना तक्त्यात आकडेच नाहीत, कारण कागदावर छापणाऱ्या यंत्राला वर जायची गरजच नव्हती. मग व्हीटी-१०० नं युक्ती केली. बाण दाबला की एकामागून एक तीन चिन्हं जातात. आधी एस्केप म्हणजे २७, मग चौकटी कंस, मग ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर. ए म्हणजे वर, बी खाली, सी उजवीकडे, डी डावीकडे. काही प्रोग्राम चौकटी कंसाऐवजी ओ मागतात, तीही सोय आहे. ज्याला ही भाषा येत नाही असा प्रोग्राम समोर असेल आणि तुम्ही वरचा बाण दाबला, तर वर जायच्या ऐवजी टोपी, दोन चौकटी कंस आणि ए असं विचित्र काहीतरी पडद्यावर सांडतं.

पण एस्केप नावाचं स्वतंत्र बटणही कीबोर्डवर आहे आणि तेही २७ च पाठवतं. मग पलीकडच्यानं ओळखायचं कसं, की हे नुसतं एस्केप आहे की बाणाची सुरुवात? नातू म्हणाला, ‘थोडा वेळ वाट पाहतो. पाठोपाठ कंस आला तर बाण, नाही आला तर एस्केप.’ मी म्हटलं, अरे, हे तर आपलं पाय मोडलेलं अक्षर! ‘क्’ ऐकू आला की थांबायचं. मागून ‘ष’ आला तर ‘क्ष’, काहीच आलं नाही तर ‘वाक्’ तिथेच संपला. जोडाक्षरं शिकवताना आयुष्य गेलं, मला हे समजायला वेळ लागला नाही.

वरच्या ओळीतल्या एफवाल्या बटणांचं तर मला फारच कौतुक वाटलं. तीही एस्केपनं सुरू होणारे निरोप पाठवतात. एफ-५ च्या निरोपात १५ असतो, एफ-६ च्या १७. सोळा कुठे गेला? पुढे एफ-१० ला २१ आणि एफ-११ ला एकदम २३. हे आकडे व्हीटी-२२० या १९८३ च्या टर्मिनलवरून आलेत. त्याच्या कीबोर्डवर ही बटणं गटागटांनी बसवलेली होती. दोन गटांमध्ये मोकळी जागा आली की तिथला आकडाही गाळलेला. कीबोर्ड गेला, पण त्यावरची फट आकड्यांत राहिली. जुन्या वाड्याची भिंत पाडली तरी कोनाड्याची जागा म्हातारीला आठवते, तसं काहीतरी.

आता शिक्षकाला सगळ्यात पटणारी गोष्ट सांगते. नातू टाइप करतो ते अक्षर त्याला पडद्यावर दिसतं. ते त्याच्या बटणावरून थेट पडद्यावर आलेलं नसतं! आकडा पलीकडे जातो, पलीकडचा तो वाचतो, परत पाठवतो आणि मग अक्षर दिसतं. लाइन मंद असली की बोटं पुढे जातात आणि अक्षरं मागून येतात. पासवर्ड टाइप करताना पलीकडचा मुद्दाम परत पाठवत नाही, म्हणून पडदा कोरा राहतो. साधा ठिपकासुद्धा नाही.

आपण काय पाठवलं ते आपल्याला दिसत नाही, पलीकडे काय पोचलं तेवढं दिसतं. शुद्धलेखन घालताना आम्ही दुसरं काय करत होतो? मी ‘पाणी’ सांगायची आणि अर्ध्या पाट्यांवर ‘पानी’ यायचं. विदर्भातली मुलं, घरी तसंच बोलतात. पाटी उलटी करून दाखवली की मगच कळायचं, माझ्या तोंडून निघालेलं त्यांच्या कानात काय होऊन बसलंय. पाटी न बघता पुढचा शब्द सांगणारा मास्तर नुसता बडबडत असतो.

या सगळ्यात आपली देवनागरी कुठे? मला हा प्रश्न पडणारच. तर या बाबतीत आपल्या लोकांनी मोठं काम केलंय. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्या दाखवणारं तंत्र तयार केलं, ‘जिस्ट’ त्याचं नाव. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि ते काम तिथे वाढलं. जिस्टची टर्मिनलंही निघाली आणि साध्या कॉम्प्युटरमध्ये बसवायचं कार्डही. आकड्यांचा तक्ता ‘इस्की’ या नावानं १९९१ साली भारतीय मानक झाला. त्यात इंग्रजीच्या १२८ जागांना धक्का न लावता वरच्या जागा आपल्या अक्षरांना दिल्या. आणि हुशारी अशी, की मराठीतला ‘क’, बंगालीतला ‘क’ आणि तमिळमधला ‘क’ यांचा आकडा एकच. दाखवताना फक्त लिपी बदलायची.

त्याच मानकातला कीबोर्ड म्हणजे इन्स्क्रिप्ट. मी हा ब्लॉग त्यावरच लिहिते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. ‘क’ आणि ‘ख’ एकाच बटणावर, ‘ग’ आणि ‘घ’ एकाच. वर्णमाला शिकवलेल्या बाईला आणखी काय हवं? टाइपरायटरवर हे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायचे, कारण कागदावर ती आधी दिसते. इन्स्क्रिप्टमध्ये ती नंतर, कारण उच्चारात ती नंतर येते. यावरून आमचे वाद व्हायचे. हे म्हणायचे, ‘दिसतं तसं लिहावं.’ मी म्हणायची, ‘बोलतो तसं लिहावं.’ हे गेले, वाद अर्धाच राहिला.

त्या काळ्या खिडकीत मात्र देवनागरीची अजून थोडी फरफट होते. तिथे पडदा म्हणजे चौकटीचा कागद, एका घरात एक अक्षर. इंग्रजीला हे चालतं. नातवानं माझ्यासाठी ‘क्षि’ टाइप करून दाखवला. आपल्या डोळ्यांना ते एक अक्षर. आत मात्र चार आकडे: ‘क’चा २३२५, पाय मोडल्याचा २३८१, ‘ष’चा २३५९ आणि वेलांटीचा २३६७. तार ओलांडताना त्या प्रत्येकाचे तीन तुकडे होतात, म्हणजे एका ‘क्षि’चे बारा. चौकटीचा कागद गोंधळतो, याला किती घरं द्यायची? काही एम्युलेटर नीट दाखवतात, काही वेलांटी भलतीकडे टांगतात. बॅकस्पेस दाबलं तर आधी वेलांटी जाते, मग ‘ष’, मग पाय जोडला जातो, शेवटी ‘क’. आणि पलीकडच्याला हे तीन तुकड्यांचं गणित सांगितलेलंच नसेल, तर तो तीनातला एकच तुकडा पुसतो आणि उरलेले दोन धड अक्षर नाही, धड काही नाही असे लोंबकळत राहतात. दोष कुणा एकाचा नसतो. दोन्हीकडे एकच तक्ता हवा, एवढंच.

माझ्यासाठी नातवानं एक सोय करून दिली आहे, तुमच्यापैकी कुणाचा हात कापत असेल तर उपयोगी पडेल. एकाच बटणावर लागोपाठ पडलेले ठोके एकच धरायचे, अशी सेटिंग कॉम्प्युटरमध्ये असते. विंडोजमध्ये ती फिल्टर कीज या नावाखाली सापडते. आधी माझ्या ‘मी’चा ‘ममममी’ व्हायचा. आता माझा कॉम्प्युटर थरथर स्वतःकडेच ठेवून घेतो, एकच ठोका पुढे देतो.

खोटं कशाला बोलू, यात काहीतरी जातंही. ह्यांची जुनी पत्रं मी काढते तेव्हा अक्षरावरून मला कळतं की कोणतं घाईत लिहिलंय, कोणतं रात्री जागून. माझ्या आजच्या ओळींवरून असं काही कुणाला कळणार नाही. आकड्यानं थरथर लपवली, तशी घाईही लपवली आणि माझं वळणही. नातवाला मी हे म्हटलं, तर तो म्हणाला, ‘पण आजी, तू लिहिलेलं कळतं की, की हे तूच लिहिलंय.’ एवढं शहाणपण आलंय त्याला.

तर पुण्याच्या वन्सं, तुम्ही हे वाचत असालच. दर दिवाळीला तुम्ही माझ्या हातचं पत्र मागता. यंदा येईल ते छापील असेल. मजकूर माझाच असेल आणि तुमच्या अनारशांबद्दल दोन ओळी असतील. खाली सही मात्र पेनानं करणार आहे, खसखशीएवढी का होईना. ती ओळखायला तुम्हाला बँकेसारखा नमुना लागणार नाही.

असो. बराच वेळ बसले, आता बोटं ऐकत नाहीत. पत्र पोचलं की फोन करा.